आज्जीची चाल आणि हजार मनोरे

मागच्या नाताळला ताईचा धाकटा अमेरिकेतून आला होता. तिकडेच जन्मला, तिकडेच वाढला. मराठी सगळं कळतं, बोलतो अडखळत, पण बोलतो. मिरज स्टेशनवर त्याला उतरवून घेतलं आणि कबनूरच्या रस्त्याला लागलो. अंकलीच्या पुलाजवळ नेहमीप्रमाणे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. गाडी हलेना. तेवढ्यात पठ्ठ्याने मोबाईल गाडीच्या स्पीकरला जोडला आणि गाणी लावली. गिटार, ड्रम, एका पुरुषाचा मऊसा आवाज. दोन-तीन गाणी होईपर्यंत मला वाटत होतं प्रेमगीतं चालू आहेत. चौथ्याला शब्द नीट कानावर पडले आणि लक्षात आलं, अरे, ही तर आपलीच गाणी. म्हणजे देवाची.

"के-लव्ह," तो म्हणाला. "मम्मी रोज कामावर जाताना हेच लावते. अमेरिकेत कुठेही जा, लागतं. मामा, तुमच्याकडे आपलं असं रेडिओ स्टेशन का नाही?"

"आपल्याकडे कुठलं आलंय रे," असं काहीतरी मी बोललो. ट्रॉल्या हलल्या, गाडी जयसिंगपुरात शिरली आणि विषय तिथेच राहिला. पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. तेव्हापासून सवडीने वाचत होतो, काही जुन्या लोकांना भेटत होतो. आज जरा सविस्तर लिहितो. लांबलंय, आधीच सांगून ठेवतो. :)

नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, नवीन असाल तर सांगतो. आमचं घर ख्रिस्ती. आज्जी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती, वडील कबनुरात मागवाले. त्यामुळे लहानपणीच्या माझ्या कानात दोनच आवाज भरलेत, मागांचा खडखडाट आणि आज्जीचं गाणं. आज्जी गायची ते मागांच्या वर आवाज काढून. तिला दुसरा इलाजच नव्हता.

तर आधी के-लव्ह.

या गोष्टीचं मूळ १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात आहे. हिप्पी पोरं तेव्हा मोठ्या संख्येने ख्रिस्ताकडे वळली. लांब केस, अनवाणी पाय, हातात गिटार. चर्चमधली ऑर्गनवरची जुनी गीतं त्यांना परकी वाटायची, म्हणून त्यांनी आपल्या रॉकच्या चालीत देवाची गाणी रचली. लॅरी नॉर्मनची 'अपॉन धिस रॉक' ही तबकडी १९६९ ची. पुष्कळ पाळकांनी कानांवर हात ठेवले. सैतानाच्या वाजपात देवाचं नाव घेता म्हणून ओरडा झाला. पण पोरं गात राहिली आणि लोक ऐकत राहिले. १९८२ साली एमी ग्रँट नावाच्या तरुण गायिकेची 'एज टू एज' ही तबकडी आली आणि पुढे तिचा खप दहा लाखांवर गेला. गाणी होती, ऐकणारे होते. ती गाणी दिवसभर लावणारं कुणी मात्र फारसं नव्हतं. सिनेसंगीत लावणाऱ्या स्टेशनांना ही फार देवाची वाटायची आणि प्रवचनं लावणाऱ्या स्टेशनांना फार सिनेमाची!

त्याच १९८२ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावात एक छोटं एफएम स्टेशन सुरू झालं. सुरू करणारा बॉब अँथनी हा सॅन फ्रान्सिस्कोच्या रेडिओवर काम केलेला निवेदक. के-लव्ह हे नाव त्याला नंतर मिळालं. एवढ्याशा स्टेशनाचं देशभराचं जाळं कसं झालं हे वाचताना मला मागवाल्याच्या पोराची उत्सुकता होती. आमच्याकडेही चार मागांचा शेड कुणाकुणाचा शंभर मागांचा झालेला मी पाहिलाय. त्यामागे देवाची कृपा असते, तसा हिशेबही असतो.

इथला हिशेब असा. अमेरिकेत एफएमचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा १९४५ पासून बिगरव्यापारी, शैक्षणिक प्रसारणासाठी राखून ठेवलेला आहे. तिथे जाहिराती घेता येत नाहीत, पण परवान्यासाठी बाजारभावाची बोलीही लावावी लागत नाही. के-लव्हची मालक संस्था, एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन, ही ना-नफा असल्यामुळे त्या पट्ट्यात बसली. दुसरी गोष्ट ट्रान्सलेटर. म्हणजे मूळ स्टेशनाचं प्रक्षेपण उचलून ते दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा सोडणारं कमी ताकदीचं यंत्र. डोंगराआडच्या गावापर्यंत मोठ्या मनोऱ्याचं प्रक्षेपण पोचत नाही, तिथे हे यंत्र बसवायचं. तिसरी गोष्ट उपग्रह. एका स्टुडिओत गाणं लावायचं, वर उपग्रहाला द्यायचं, आणि जिथे जिथे तबकडी आणि मनोरा आहे तिथे तिथे ते उतरवून घ्यायचं. गावोगावी स्टुडिओ नको, निवेदक नको, रात्रपाळी नको.

आणि पैसा? तो श्रोत्यांचा. वर्षातून ठराविक काळात काही दिवस गाण्यांच्या मध्ये मध्ये विनंती चालते, की बाबांनो, महिन्याला अमुक एवढे द्या. भाच्याने हे सांगितल्यावर मी हसलो. म्हटलं, हे तर कीर्तनातलं आरतीचं ताट! रंग भरला की ताट फिरवायचं. तो म्हणाला, "मम्मी देते दर महिन्याला." ताई कबनुरात असताना चर्चच्या थैलीत आठ आणे टाकायलाही कुरकुर करायची, हे मी त्याला सांगितलं नाही. (ताई, वाचत असशील तर माफी.)

या तीन गोष्टी आणि हा पैसा, यांवर ते जाळं वाढत गेलं. 'एअर-वन' नावाचं तरुणांसाठीचं दुसरं जाळं त्याला येऊन मिळालं. सॅक्रमेंटोजवळच्या रॉकलिन गावात अनेक वर्षं मुख्य ठाणं होतं. ताईचं घर त्याच बाजूला, म्हणून तिच्या तोंडी ते नाव. लहान ट्रान्सलेटर धरले तर आज हजाराच्या आसपास ठिकाणांहून हे प्रक्षेपण होतं. भाचा म्हणाला ते खोटं नाही, कुठेही जा, लागतं.

आता आपल्याकडे का नाही?

सरळ उत्तर कायद्यात आहे. आपल्याकडे हवेतल्या लहरी कायम सरकारच्या हातात राहिल्या. आमच्या भागाचं आकाशवाणी सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं, मध्यम लहरींवर, १२५१ किलोहर्ट्झ. मागाच्या शेडमध्ये कांड्या भरणाऱ्या बायकांपासून उसात पाणी पाजणाऱ्यापर्यंत सगळ्यांचं हे केंद्र. शेतीची माहिती, बाजारभाव, भक्तिगीतं, आपली आवड. नाताळच्या आसपास एखादा खास कार्यक्रम व्हायचा. त्या दिवशी आमच्या घरी रेडिओभोवती सगळे बसायचो आणि वडील माग बंद ठेवायचे. एरवी माग बंद म्हणजे पोटावर पाय, त्यामुळे त्या अर्ध्या तासाची किंमत आम्हा पोरांनाही कळायची.

यात एक गंमत आहे. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. आपल्या रागसंगीतातले स्वर पेटीच्या ठराविक पट्ट्यांत बसत नाहीत, मींड तिच्यावर निघत नाही, आणि ती परदेशी आहे, अशी कारणं होती. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. आता विचार करा. मूळ पायपेटी युरोपातून आली, मिशनऱ्यांनीही ती गावोगाव नेली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिचं हाताने भाता मारायचं, मांडी घालून वाजवायचं रूप बाजारात आणलं आणि ती देवळात, मशिदीजवळच्या कव्वालीत, चर्चमध्ये, तमाशाच्या फडात, सगळीकडे जाऊन बसली. आमच्या गावातलं भजनी मंडळ आणि आमच्या घरची उपासना, दोन्हींची पेटी सारखीच. आणि ती आकाशवाणीला तीस वर्षं वर्ज्य. म्हणजे रेडिओने आमचीच गाणी बाहेर ठेवली असा गैरसमज नको, शेजारच्या भजनी मंडळाची पेटीही दाराबाहेरच होती.

खासगी रेडिओ फार उशिरा आला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची एकट्याची नाही. २००१ मध्ये बंगळुरूला पहिलं खासगी एफएम सुरू झालं. पुढे कोल्हापुरातही खासगी एफएम वाजू लागलं. पण या परवान्यांच्या नियमांत धार्मिक संस्थेला आणि तिच्या ताब्यातल्या कंपनीला मज्जाव आहे. हा नियम सगळ्या धर्मांना सारखा. वैयक्तिक मत विचाराल तर आपल्या देशाचं एकूण हवापाणी बघता मला तो फारसा खटकत नाही. एकाला स्टेशन दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल, आणि मग मनोऱ्यांचीच भांडणं सोडवत बसावं लागेल. तर भाच्या, तुझ्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर हे.

पण एवढ्यावर थांबता येत नाही. कारण दार बंद होतं तरी गाणी येत होती. समुद्रावरून.

वडिलांकडे एक जुना तीन बँडचा रेडिओ होता. त्यांच्या तोंडी 'सिलोन' हा शब्द सणासारखा यायचा. त्याचं कारण मराठी वाचकांना वेगळं सांगायला नको. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना सिनेसंगीत आवडत नसे. आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झालं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. ते परत आणायला १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली. पण सिलोनने एक गोष्ट ओळखली होती, रेडिओवरची वेळ विकता येते. ती साबण-पेस्टवाल्यांनी घेतली तशी ख्रिस्ती प्रवचनवाल्यांनीही घेतली. दिल्लीने जे दोन पाहुणे दाराबाहेर ठेवले, सिनेमाचं गाणं आणि मिशनरी, त्या दोघांनाही कोलंबोत एकाच छपराखाली जागा मिळाली! घरी दोन्ही ऐकलं जायचं. सिनेमाचं वडील ऐकायचे, प्रवचनाचं आज्जी. त्यावरून भांडणं व्हायची तीही एकाच रेडिओवरून.

पुढे ही समुद्रापलीकडची केंद्रं वाढली. व्हॅटिकन रेडिओ मार्कोनीने स्वतः १९३१ साली उभारून दिला होता. त्याच वर्षीच्या नाताळला दक्षिण अमेरिकेत किटो इथून एचसीजेबी सुरू झालं. मनिलाहून १९४८ पासून, सेशेल्स बेटांवरून १९७० पासून ख्रिस्ती प्रसारणं चालू झाली. सेशेल्सचं केंद्र २००३ मध्ये बंद पडलं. श्रीलंकेतल्या पुट्टलमहून ट्रान्स वर्ल्ड रेडिओचं चारशे किलोवॅटचं मध्यम लहरींचं प्रक्षेपण ८८२ किलोहर्ट्झवर रात्री भारतभर ऐकू यायचं. मध्यम लहरी दिवसा जवळच विरतात, रात्री वरच्या थरावर आपटून लांब जातात. लघुलहरी तर त्या उड्या मारतच जगभर फिरतात. म्हणून आवाज येतो-जातो, लाटेसारखा. आज्जी म्हणायची, "बघ, समुद्रावरनं येतंय न्हवं, म्हणून हेलकावतंय." शास्त्र चुकीचं होतं, पण ऐकताना अगदी तसंच वाटायचं.

यात आपल्या महाराष्ट्राचाही धागा आहे आणि तो मला अलीकडेच कळला. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीचा अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ १९७१ मध्ये पोर्तुगालमधून सुरू झाला. त्याचं आशियाचं काम १९७० च्या दशकात चालायचं ते चक्क पुण्यातून. पुण्यात कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचे, टेपा श्रीलंकेला जायच्या आणि तिथून ते पुन्हा आपल्याकडे यायचे. एड्रियन पीटरसन हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ तेव्हा पुण्यात होते. दूरची स्टेशनं पकडण्याचा छंद असलेल्या लोकांसाठीचा त्यांचा कार्यक्रम त्या काळात पुण्यातूनच सुरू झाला. १९८७ मध्ये या संस्थेने प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर स्वतःचं मोठं लघुलहरी केंद्र उभारलं. पुढे त्यांच्या प्रसारणांत मराठीही आली. पुण्यात बोललेलं मराठी कबनुरात ऐकू येण्यासाठी आधी समुद्र ओलांडायचं. मिरजेहून कबनूरला यायला व्हाया ग्वाम!

पण खरं सांगू? त्या कार्यक्रमांतली गाणी आज्जीला आवडायची नाहीत. प्रवचन ऐकायची, गाणं लागलं की म्हणायची, "हे आपलं न्हवं." शब्द मराठी, गाणारे मराठी, तरी आपलं नव्हे. लहानपणी मला तो तिचा हेका वाटायचा. आता वाचल्यावर कळतंय की ती दीडशे वर्षांच्या एका वादात आपलं मत देत होती.

वाद चालीचा. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले तेव्हा त्यांनी आपली इंग्रजी गीतं मराठीत भाषांतरित केली आणि मूळच्याच चालींवर गायला लावली. आता इंग्रजीत शब्दाच्या एका ठराविक अक्षरावर जोर येतो आणि चाल त्या जोरावर चालते. मराठीत तसा जोर नाही, आपलं सगळं लघु-गुरूवर. त्यामुळे 'दया' म्हणताना 'द' तीन मात्रा ओढायचा आणि 'या' घाईने उरकायचा, असा प्रकार. ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. देशी चाल हवी हे काहींना लवकर उमगलं. खरं तर त्याआधी अडीचशे वर्षं ते एका इंग्रजालाच उमगलं होतं. फादर स्टीफन्सने गोव्यात १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओवीत, दहा हजारांवर ओव्या. पण ती वाट मधे बुजली होती.

अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सगळा साज तोच, आख्यान बायबलमधलं. त्यानंतर नारायण वामन टिळक. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला जन्मलेले, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले हे कवी बहुतेकांना लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे माहीत असतात. आमच्या घरात ते 'पुस्तकातले टिळक' होते, म्हणजे 'उपासना-संगीता'तले. दोनशेच्या वर गीतं त्यांची. त्यांनी अभंग लिहिले, स्वतः कीर्तनं केली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. त्या काळी हे बोलणं दोन्हीकडून शिव्या खाण्याचं काम होतं. जुने नातलग म्हणायचे धर्म बुडवला, काही मिशनरी म्हणायचे टाळ कशाला.

म्हणजे बघा. लांब केसांच्या पोरांनी गिटार घेतली १९६९ साली, आणि पाळकांनी कानांवर हात ठेवले. आपल्याकडे तेच भांडण टाळ-मृदंगावरून त्याआधी शंभर वर्षं होऊन गेलं होतं. समकालीन ख्रिस्ती संगीत म्हणतात ते हेच की. ज्या चालीत आपण एरवी रडतो-हसतो, त्याच चालीत देवाला हाक मारायची.

आणि जाळं? तेही होतं. आमच्या भागात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापूरला आले. पुढे प्रेस्बिटेरियन मिशनची ठाणी सांगली, मिरज, कोडोली, इस्लामपूर, वेंगुर्ला अशी पसरली. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उभारलं. तिथे शिकलेल्या मुली नर्स होऊन लांब लांब जायच्या. कुणी जालन्याकडची, कुणी नगरकडची, कुणी कोकणातली, होस्टेलमध्ये एकत्र राहायच्या आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला आपापल्या गावची चाल म्हणायच्या. आज्जी सांगायची, एकाच गीताच्या तिला चार चाली येत होत्या. पुस्तकात शब्द छापलेले, फार तर वर वृत्ताचं नाव किंवा 'चाल अमुक' असा उल्लेख. स्वर छापलेले नाहीत. स्वर माणसांबरोबर बदली होऊन जायचे. एकेक नर्स म्हणजे एकेक ट्रान्सलेटर, कमी ताकदीचा. पण फरक हा, की यंत्र आलेलं गाणं जसंच्या तसं पुढे सोडतं. आज्जी तिच्यात आपलं काहीतरी घालून सोडायची.

आता जे सांगायचंय ते मी इतकी वर्षं घरातही नीट बोललो नाही.

वडिलांनी १९८६ च्या सुमारास टू-इन-वन घेतला आणि एका रविवारी माग बंद करून आज्जीची गाणी टेप केली. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरून. काही गीतं तिने तिच्या स्वतःच्या चालींत म्हटली होती. कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी चिप मोडली की तिच्यावर दुसरं काही टेप होत नाही, हे तुम्हाला आठवत असेल. वडिलांनी ती मोडली नव्हती. १९९२ साली मी दहावी झालो होतो, सिनेमाच्या गाण्यांनी डोकं फिरलेलं, कोरी कॅसेट घ्यायला पैसे नाहीत. कपाटात एक कॅसेट होती, वर काही लिहिलेलं नव्हतं. मी रेडिओवरची गाणी तिच्यावर टेप केली. दोन्ही बाजू.

आज्जी पुढच्याच वर्षी गेली. तिच्या प्रार्थनेच्या दिवशी वडिलांनी ती कॅसेट शोधली, लावली, आणि निघालं दुसरंच. घरात पाहुणे होते. वडिलांनी बटण दाबून बंद केलं. रात्री एवढंच म्हणाले, "दुसरी कॅसेट नव्हती का रे?" ओरडले असते तर बरं झालं असतं. नंतर कधीच विषय काढला नाही, शेवटपर्यंत नाही.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी थोडी टेप माझ्या गाण्यांतून सुटली होती. तेवढ्यात आज्जी आहे. टिळकांच्या एका गीताच्या कडव्याचा अर्धा भाग, मग खोकला, मग वडिलांचा आवाज, "पुरे आता." मिनिटभरसुद्धा नाही. तिने म्हटलेली ती चाल मी आजवर दुसऱ्या कुठल्या मंडळीत ऐकलेली नाही. अर्ध्या कडव्यानंतर ती पुढे कशी जाते, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

भाचा इथे असताना त्याला हे सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, बहुतेक अंकलीच्या पुलावरच्या त्या प्रश्नाने. त्याने कॅसेट बघितली, (पहिल्यांदाच हातात घेतली असावी, पेन्सिलने फिरवून दाखवल्यावर त्याला फार मजा वाटली) आणि इचलकरंजीतून एका दुरुस्तीवाल्याकडून प्लेअर मिळवून तो तुकडा संगणकावर घेतला. आम्ही दोघं मिरजेला एका निवृत्त नर्सबाईंकडे गेलो. वय नव्वदीला टेकलेलं. "सलाम, मावशी," म्हणून बसलो, तुकडा ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. मग तेच गीत पूर्ण म्हणून दाखवलं, पण वेगळ्या चालीत. "ही आमच्या जालन्याकडची. तुझ्या आज्जीची मला येत नाही रे बाळ. ती दर वेळेला जरा बदलायची." परतीच्या वाटेवर आम्ही दोघं फारसं बोललो नाही. अंकलीला ट्रॉल्या होत्याच.

के-लव्हची एक गोष्ट सांगायची राहिली. २०१७ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमधलं १००.३ हे रॉक संगीताचं स्टेशन घेतलं. २०१९ मध्ये एका कंपनीकडून सहा स्टेशनं १० कोटी ३५ लाख डॉलरना घेतली. त्यात न्यूयॉर्कचं डब्ल्यूपीएलजे होतं. १९७१ पासून त्या नावाने चाललेलं, शहरातल्या कैक लोकांच्या तरुणपणाचं स्टेशन. ३१ मे २०१९ च्या संध्याकाळी निवेदकांनी निरोप घेतला आणि त्यानंतर तिथे तेच वाजू लागलं जे बाकी सगळीकडे वाजतं. कुणी काही चोरलं नाही, रीतसर व्यवहार झाला, आणि नव्या श्रोत्यांना त्यातून दिलासाही मिळत असणार. ताईला मिळतो. परक्या देशात सकाळी सात वाजता गाडीत एकट्या बाईला कुणीतरी धीर देतं, ही लहान गोष्ट नाही. तिची चेष्टा मी वर केली ती भाऊ म्हणून. पण कुणाच्या तरी आवाजावर दुसरा आवाज टेप झाला, हे खरं. आणि ते मी १९९२ साली एका कॅसेटवर स्वतः केलेलं असल्यामुळे मला दोष देता येत नाही.

मला वाटतं भाच्याला मी तेव्हा अर्धंच उत्तर दिलं. आपलं जाळं होतं. त्याला मनोरे नव्हते म्हणून ते दिसलं नाही, आणि ते माणसांवर चालत होतं म्हणून माणसांबरोबर संपत चाललंय. आता आमच्याही मंडळीत पोरं गिटारवर हिंदी-इंग्रजी गाणी म्हणतात. म्हणोत की. टिळकांनी टाळ घेतले तेव्हा त्यांनाही कुणीतरी हटकलं होतंच, मी तो हटकणारा म्हातारा व्हायचं नाही असं ठरवलंय. फक्त नव्या गाण्यांना जागा करताना जुनी चाल पुसली जाऊ नये. फोनमध्ये आता चिप मोडायचीही गरज नाही.

गेल्या काही महिन्यांत कोडोली, मिरज आणि कोल्हापुरातल्या सात ज्येष्ठांची गाणी मी फोनवर घेतली आहेत. शब्द पुस्तकातले, चाली ज्याच्या त्याच्या. आमच्या नात्यागोत्यातले जे कुणी हे वाचतील त्यांना विनंती, घरात कुणी जुनं माणूस असेल तर रविवारी दुपारी पंखा बंद करून दहा मिनिटं टेप करा आणि मला पाठवा. ख्रिस्ती नसाल तरी आपल्या घरातल्या ओव्या, भूपाळ्या, मोहरमची गाणी टेप करून ठेवा. आवाज थरथरतोय म्हणून थांबू नका.

भाच्याने परत गेल्यावर एक फाईल पाठवली. ते अर्धं कडवं त्याने गिटारवर बसवलंय. आज्जीचा आवाज, खाली गिटार, मागे शेजारच्या शेडमधले माग. अर्ध्यावर आज्जी थांबते, खोकते, आणि गिटारही तिथेच थांबते. पुढचं त्याने स्वतःच्या मनाने रचलं नाही. मी विचारलं का, तर म्हणाला, "मामा, मला पुढचं माहीत नाही ना."

कुणाला माहीत असेल तर कळवा.